माझा मुका देव

मी तोंडाळ बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला साध्वीबिध्वी समजायला नको. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही, हिला पदरात घेणार कोण? शेवटी साखऱ्याच्या बाजूला एका धनगराच्या घरात दिलं. तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि बोलायला कुणाला सवड नाही. सासरा माळावर, नवरा माळावर, सासू चुलीपाशी नाहीतर मेंढवाड्यात. नव्या नवरीनं बोलायचं कुणाशी? मी मेंढरांशी बोलायचे. तीही ऐकायची नाहीत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या गावाच्या पलीकडं पैनगंगा, आणि नदी ओलांडली की वऱ्हाड, तिथं इंग्रजाचं राज्य. मेंढराला राज्य कळत नाही, चारा कळतो. पिकं निघाली की नवरा मोठा कळप घेऊन नदीपार जायचा. वऱ्हाडातले शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात ज्वारी द्यायचे, आणि मिरगाच्या आत तो घरी यायचा. मागं राहायची ती म्हातारी, लंगडी आणि नुकती व्यालेली मेंढरं. ती चारायचं काम माझ्याकडं आलं.

मेंढरांची एक गंमत असते. ऊन तापलं की ती चरायचं सोडतात, एका जागी गोळा होतात आणि एकमेकींच्या पोटाखाली मान घालून उभी राहतात. मग काहीही करा, हलायची नाहीत. त्या वेळी माणसाला दुसरं काम उरत नाही. मी एका खडकाला टेकून टकळीवर लोकर कातत बसायचे. सुरुवातीला मला त्या वेळेचा भारी कंटाळा यायचा. सकाळी सासूशी झालेलं भांडण पुन्हा पहिल्यापासून मनात भांडायचं, या डावाला आपण जिंकायचं, हाच माझा उद्योग.

एके दिवशी भांडण मनातल्या मनात संपलं, आणि पुढं काही सुचेना. टकळी फिरत होती. मेंढरं उभी होती. आणि मला वाटलं, कुणीतरी आपल्याजवळ येऊन बसलंय. मागं वळून बघितलं. कुणी नव्हतं. भीती वाटली असती तर मी गाव गाठलं असतं, पण भीती वाटली नाही. लहानपणी बाप रानातून यायचा, हातपाय धुवायचा आणि काही न बोलता माझ्याजवळ ओट्यावर बसायचा, तेव्हा जसं वाटायचं तसं वाटलं. जो कोण होता त्याला कुठं जायची घाई नव्हती, आणि माझ्याकडून त्याला काही नको होतं.

पुढं ते रोज नसायचं. कधीकधी नुसतं ऊन, माश्या आणि लेंड्यांचा वास. पण ज्या दिवशी असायचं त्या दिवशी घरी आल्यावर सुद्धा राहायचं. भाकरी थापताना, मेंढराच्या खुरातला काटा काढताना, पुढं झालेल्या पोरीला न्हाऊ घालताना, मध्येच वाटायचं, आहे. मला धड एक आरती येत नव्हती. मी त्याला कधी काही म्हणाले नाही, त्यानंही कधी मला काही सांगितलं नाही. देवळात गेल्यावर मात्र मला काही वाटायचं नाही, गर्दीत चप्पल जाईल एवढीच काळजी. हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, "उन्हात डोक्यावर पदर घेत जा."

घोटाळा झाला तो शेजारच्या रानातल्या कुणबिणीमुळं. ती बांधावरून मला हाका मारत होती, तिची शेळी दिसली का म्हणून. मला ऐकूच आलं नाही. जवळ येऊन बघते तर माझे डोळे उघडे, टकळी मांडीवर पडलेली आणि मेंढरं माझ्याभोवती गप उभी. आता उन्हाच्या वेळी मेंढरं गप उभी राहणारच, पण ती बिचारी कुणबीण, तिला काय माहीत. ती तशीच गावात पळाली आणि सांगितलं, धनगराच्या सुनेच्या अंगात आलंय.

आमच्या लोकांत देव यायचा म्हणजे अंगात यायचा. ढोल वाजायचा, माणूस घुमायचा, भंडारा उधळला की हळदीनं सगळं अंग पिवळं व्हायचं, आणि मग तो देव बोलायचा. हरवलेलं जनावर कुठं आहे, पोरगी कुठं द्यायची, पाऊस कधी येईल, सगळं सांगायचा. न घुमता, न बोलता नुसता बसणारा देव कुणी बघितला नव्हता. म्हणून रविवारी मला माळावरच्या लिंबाखाली, देवाच्या दगडासमोर बसवलं. ढोल सुरू झाले. भगत, म्हणजे देवाचं बघणारा म्हातारा, माझ्या कपाळाला हळद फासून ओरडायला लागला, "कोन हाईस तू? कुठून आलास? बोल!"

ढोलानं माझं डोकं ठणकत होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मी तुमच्या गावची सून हाय," मी म्हणाले, "आन मला भूक लागलीय."

बायका हसल्या. भगत हसला नाही. त्यानं बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, हिच्यातला देव मुका आहे, वेळ आली की त्याला तोंड फुटेल. झालं. त्या दिवसापासून मी काहीही म्हटलं तरी उपयोग नव्हता. माझ्यात देवबिव काही नाही असं सांगितलं की बायका एकमेकींना म्हणायच्या, "बघ, खरा देव आसला की बाई न्हाईच म्हन्ती." आता यावर काय बोलणार?

खोटं कशाला सांगू, थोडा फायदाही झाला. उठताबसता मला बोलणारी सासू मला गरम भाकर वाढायला लागली. गोरेगावच्या बाजाराला गेली की मुद्दाम सांगायची, आमच्या घरात मुका देव हाय, अजून बोलायचा हाय. ज्याची त्याची नजर माझ्या तोंडाकडं. मी खोकले तरी लोक कान टवकारायचे. अशीच वर्षं गेली आणि मी त्यातली गंमत बघायला शिकले.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. इंग्रज गेले होते, नदीपलीकडं नवं राज्य होतं आणि आमच्याकडं जुनंच होतं. गावोगाव हत्यारं घेतलेली माणसं फिरायला लागली. काही घरं रातोरात उठून वऱ्हाडात गेली. नदीच्या उतारांवर, म्हणजे पाणी कमी तिथून पार व्हायच्या जागांवर, पहारे बसले, इकडचा माणूस तिकडं नाही आणि तिकडचा इकडं नाही. नवरा आधीच कळप घेऊन पलीकडं गेलेला. मिरगाच्या आत यायचा माणूस. मिरीग लागला, कोरडाच गेला, आणि तो आला नाही.

त्यातच गोरेगावच्या बाजारातून एक जण बातमी घेऊन आला. नदीच्या उतारावर कुणा धनगराचा कळप हाकून नेला आणि धनगराला मारलं. मारलं म्हणजे बडवलं का जिवानिशी मारलं, हे त्याला माहीत नव्हतं. धनगर कोणत्या गावचा तेही माहीत नव्हतं. एवढी अर्धी बातमी घेऊन माणूस कशाला येतो, मला समजत नाही.

सासूचं एकच पोरगं ते. बाकीची पाळण्यातच गेलेली. ती सासऱ्याला घेऊन लिंबाखाली गेली आणि कौल लावला. आमच्यात दगडाच्या देवाला पाण्यानं दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवतात आणि विचारतात. उजवं पडलं तर चांगलं, डावं पडलं तर वाईट. पहिल्यांदा उजवं पडलं. सासरा उठला, पण सासूचा जीव राहीना, म्हणाली पुन्हा एकदा विचारा, पक्कं होऊ द्या. दुसऱ्यांदा डावं पडलं. तिसऱ्यांदा लावलं तर दोन्ही फुलं जागची हललीच नाहीत. घरी आल्यावर सासू माझ्यासमोर येऊन बसली.

"आता तरी बोल," ती म्हणाली.

"आत्या, मी काय बोलू?"

"तू नको बोलू. त्याला बोलू दे. इतकी वर्सं झाली गप बसून राहिलाय. माझं लेकरू हाय का न्हाई, एवढं सांग म्हनावं."

तिनं समोरची भाकर बाजूला सारली. देव बोलल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही म्हणाली. आणि म्हातारी शब्दाची पक्की. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी तेवढं घ्यायची. मग उठायला गेली की भिंत धरायला लागली.

सासरा माणूस मोठा मऊ. माझ्यावर कधी आवाज न चढवणारा. तो मेंढवाड्यात माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, दोन शबूद बोलून टाक. जिता हाय, येऊन राहिलाय, एवढंच. देव काई रागावनार न्हाई. म्हातारी जाईल गं."

"आन तुमचं पोरगं न्हाई आलं मंग, मामा?"

"मंगचं मंग बघू."

भगतही येऊन तेच सांगून गेला. वर म्हणाला, अशा वेळी देव सुद्धा माणसाचं तोंड उसनं घेतो. मला असा राग आला म्हणता! माझा नवरा नाही का तो? मला नाही का ऐकायचं की जिता आहे म्हणून? सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

माळावर जाऊन मी त्या मुक्याला विचारलं होतं की. अर्धी बातमी आली त्याच दिवशी विचारलं. मोठ्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. मग शिव्या घातल्या. मेंढरांना घालते त्या सगळ्या घातल्या, आणखी दोन आईकडच्या घातल्या. म्हणाले, इतकी वर्षं माझ्याजवळ बसलास, फुकटचा, आणि आता एवढंही सांगता येत नाही? रडून रडून माझं नाक वाहायला लागलं. आणि तो होता. त्या दिवशी मला तो नकोच होता, मला नवरा पाहिजे होता, तरी तो तिथंच बसून होता. मी उठून दुसऱ्या खडकापाशी गेले तर तिथंही.

तेव्हा मला एक कळलं. त्यानं न बोललेलं मी त्याच्या नावावर खपवलं, तर म्हातारी जेवेल, पण उद्या पोरगं नाही आलं तर ती देवाला खोटारडा म्हणून मरेल. आणि मी पुन्हा त्या खडकाला टेकून बसू शकणार नाही. माझ्याकडं दुसरं होतं काय? घर सासूचं, मेंढरं सासऱ्याची. ते उन्हातलं बसणं तेवढं माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूला म्हणाले, "चला माझ्यासंगं."

"बोलनार हाय का त्यो?"

"चला तर."

कशीबशी आली. अर्ध्या वाटेत मी तिला पाठुंगळी घेतलं. अंगात काही राहिलं नव्हतं तिच्या. खडकाच्या सावलीला तिला टेकवलं, तिच्या डोक्यावर पदर नीट केला. मेंढरं चरत होती. आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं तशी ती गोळा झाली, माना खाली गेल्या आणि माळ शांत झाला.

"आत्या," मी म्हणाले, "आता मी सांगते ते ऐका. त्यो बोलत न्हाई. कधीच बोलला न्हाई, आन बोलंल आसं मला वाटत न्हाई."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता ही मला थोबाडणार. हात उचलायचं बळ असतं तर तिनं थोबाडलंही असतं.

"मंग काय करतो त्यो?"

"बसतो."

"नुसता?"

"नुसता. मी लई डाव इचारलं. जिता हाय का म्हनून इचारलं, शिव्या बी दिल्या. सांगत न्हाई. पन उठून जात बी न्हाई."

सासूनं गुडघ्यात डोकं घातलं आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही, कण्हल्यासारखं. मला वाटलं हिला धीर द्यावा, काहीतरी बोलावं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला एक शब्द सुचला नाही. मी टकळी घेतली आणि कातायला लागले. सूत सारखं तुटत होतं. तुटलं की जोडायचं, पुन्हा फिरवायचं. किती वेळ गेला देव जाणे. तिचं रडणं थांबलं हेही मला लगेच कळलं नाही. बघितलं तर तिनं डोकं वर केलं होतं. डोळे उघडे होते आणि ती समोर, मेंढरांच्या पलीकडं, नदीच्या अंगाला बघत होती. चेहरा सुकलेला, पण सकाळपासून जो ताठा होता तो नव्हता.

आणखी थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिकडं बी बसला आसंल का गं? माझ्या पोराजवळ?"

इतकी वर्षं लोक मला विचारत होते, शेळी कुठं, पाऊस कधी, आणि मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. हे मला माहीत होतं. मी दुसऱ्या खडकापाशी जाऊन बघितलं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "तिकडं बी हाय."

"पोरगा जिता आसला तरी? आन नसला तरी?"

"दोन्ही बी, आत्या."

मेंढरं हलायला लागली, एक म्हातारी मेंढी खाकरली आणि चरायला निघाली. तेव्हा सासू म्हणाली, "भाकर आनलीस का?" मी आणली होती. पाण्यात भिजवून तिला दिली. दात नव्हते फार, सावकाश खाल्ली. खाताना पुन्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

त्यानंतर ती रोज यायला लागली. काठी टेकत यायची, बसायची. मी तिला विचारलं नाही तुम्हाला काय वाटतं म्हणून, तिनंही सांगितलं नाही. आमची भांडणं मात्र चालू राहिली हो. मिठावरून, सरपणावरून, पोरीच्या वेणीवरून. माळावर गेलो की बंद. सासऱ्याला वाटलं, देवानं सासूच्या कानात काहीतरी सांगितलंय आणि या दोघी लपवून राहिल्यात. गावालाही तेच वाटलं. पोळा झाला, महालक्ष्म्या बसल्या आणि उठल्या, नवऱ्याची काही खबर नव्हती. एखाद्या दिवशी ती अगदी कोसळायची, दिवसभर रडायची. त्या दिवशी सुद्धा जेवायची मात्र. पितर जेवू घालायचे दिवस जवळ आले तेव्हा एका भावकीतल्या बाईनं विचारलं, औंदा त्याचं पान वाढायचं का? सासू म्हणाली, "मला माहीत न्हाई. माहीत झालं की वाढीन." एवढं शांतपणे म्हणाली की त्या बाईलाच लाज वाटली.

मग एके दिवशी बाजारातून माणसं पळत आली, राज्य गेलं, फौजा आल्या, उतार मोकळे झाले. हत्यारवाले कुठं गडप झाले कुणाला दिसलं नाही. आणि पितरांच्याच दिवसांत, एका दुपारी, नदीच्या अंगानं धूळ दिसली. कळप निम्म्याहून कमी राहिला होता. त्याच्या मागं माझा नवरा. दाढी वाढलेली, एक हात वाकडा बसलेला, पायात वहाण नाही. मार खाल्लेला धनगर तोच होता. पलीकडच्या कुणा शेतकऱ्यानं त्याला आपल्या रानात ठेवून घेतलं होतं, हाड बसून उतार मोकळे होईपर्यंत.

सासूनं त्याला धरलं ते सोडेचना. मी त्याच्या पायावर पाणी घालत होते आणि रडत होते, आणि सगळं पाणी बाजूलाच सांडत होतं. एवढ्यात गाव लोटलं. भगत पुढं, हातात नारळ, मागं बायका भंडारा घेऊन. मुका देव बोलला म्हणे. म्हातारीला त्यानं आधीच सांगितलं होतं, म्हणून तर ती जेवायला लागली, आणि बघा, शब्द खरा झाला. भगत माझ्या कपाळाला हळद लावायला वाकला.

सासूनं त्याचा हात धरला.

"काई बोलला न्हाई त्यो," ती म्हणाली. "मी बसून आलेय त्याच्याजवळ, मला इचारा. एक शबूद न्हाई बोलला."

"मंग ह्ये पोरगं आलं कसं?" भगतानं विचारलं.

"आलं, माझं नशीब. न्हाई आलं आसतं तर मी रडून रडून मेले आसते." तिनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला. "पन तवा बी त्यो माझ्याजवळून उठला नसता. नारळ घरी न्या आन लेकरायला खाऊ घाला. आन उद्या ऊन चढलं की या माळावर. मी आसते तिथं, तुमी बी बसून बघा."